‘शेअर करणार’ म्हणजे नेमकं काय करणार?

माझं शिक्षण हिशेबाचं. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका राज्यात फायर मार्शल लोकांची एक छोटी नॉन-प्रॉफिट संघटना आहे, तिच्या ऑफिसात मी आठवड्याचे तीन दिवस काम करते. ऑफिस म्हणजे मी, एक कुरकुरणारा प्रिंटर आणि भिंतीवर राज्याचा नकाशा. फेडरल ग्रँटचा, म्हणजे केंद्र सरकारच्या अनुदानाचा, अर्ज भरायचा ठरलं तेव्हा ते काम माझ्याकडे येणार, हे उघडच होतं.

आधी एक खुलासा. आपल्याकडे ‘फायर मार्शल’ म्हटलं की मॉक ड्रिलच्या दिवशी जॅकेट घालून सगळ्यांना जिन्याकडे पिटाळणारा ऑफिसातला सहकारी डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत तो सरकारी अधिकारी असतो. आग का लागली याचा तपास, इमारतींची तपासणी, फायर कोडची अंमलबजावणी ही त्याची कामं. बऱ्याच ठिकाणी त्याला पोलिसांसारखे अधिकारही असतात. ही मंडळी एकमेकांशी बोलत नाहीत असं मुळीच नाही. एकोणिसाव्या शतकात शिकागो जाळणाऱ्या आगीला १९११ मध्ये ४० वर्षं झाली, तेव्हा फायर प्रिव्हेन्शन डे पाळायची कल्पना मार्शलांच्याच संघटनेने काढली होती. बोलतात, भरपूर बोलतात. पण फोनवर आणि कॉफीवर. लिहून काही उरत नाही.

१९ एप्रिल २०१९ ला ॲरिझोनातल्या सरप्राइज गावात वीज साठवणाऱ्या बॅटऱ्यांच्या एका बंदिस्त युनिटमधून धूर यायला लागला. अग्निशमन दलाची माणसं येऊन थांबली, वायूंची मोजमापं घेतली आणि काही तासांनी दार उघडलं. आत साठलेल्या ज्वालाग्राही वायूंचा स्फोट झाला आणि चार जवान गंभीर जखमी झाले. ही बातमी आमच्याकडे सगळ्यांनी वाचली होती. बैठकीत मी सहज विचारलं, “आपल्या राज्यात अशी युनिट्स कुठे कुठे आहेत?” एकाला दोन माहीत होती, दुसऱ्याला एक. पूर्ण यादी कोणाकडेच नव्हती. मार्शलांनी आपापली माहिती एकमेकांशी शेअर करावी, यासाठी ग्रँट मागायची कल्पना तिथून निघाली.

ग्रँटचं नाव फायर प्रिव्हेन्शन अँड सेफ्टी. देते फेमा, म्हणजे आपत्ती व्यवस्थापन बघणारी केंद्रीय संस्था, आधार १९७४ च्या फेडरल कायद्याचा. अग्निशमन दलांना गाड्या आणि साधनं घ्यायला मदत करणारा जो मोठा कार्यक्रम आहे, त्याचीच ही धाकटी पाती. इथे पैसा मिळतो आग लागू नये म्हणून करायच्या कामाला. अर्ज अग्निशमन दलं करू शकतात, तशाच या कामाचा अनुभव असलेल्या आमच्यासारख्या संस्थाही.

पहिली ठेच लेखन सुरू व्हायच्या आधीच लागली. फेडरल पैसा हवा तर सॅम या सरकारी नोंदणीत संस्थेचं नाव चालू असावं लागतं आणि दर वर्षी नूतनीकरण लागतं. आमचं केव्हाच संपलेलं. शिवाय एप्रिल २०२२ पासून संस्था ओळखायचा जुना डन्स नंबर जाऊन नवा यूईआय क्रमांक आला होता. त्यासाठी संस्थेचं नाव आणि पत्ता कागदोपत्री जुळवून दाखवायचा होता. आमच्या स्थापनेच्या कागदावर नावात ‘इन्कॉर्पोरेटेड’ पूर्ण, बँकेत त्याचं ‘इंक’, आणि वीजबिलावर दोन्हीपैकी काहीच नाही! चूक आमचीच, तीही कित्येक वर्षांची. अर्जाची खिडकी जेमतेम महिनाभर उघडी असते. त्यातले बरेच दिवस मी एकाच नावाची तीन रूपं जुळवण्यात घालवले.

घाईघाईत अर्ज गेला आणि नापास झाला. खरं सांगते, मला राग आला होता. अर्ज छानच लिहिलाय असं वाटत होतं. देशात दर वर्षी किती आगी लागतात, किती माणसं जातात, न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली लिथियम बॅटऱ्यांच्या आगींत १८ जण कसे गेले, सगळं घातलं होतं. पुढे आम्ही काय करणार: वेबसाइट, वार्षिक परिषद, बातमीपत्र.

या अर्जांचं परीक्षण अग्निशमन क्षेत्रातल्याच लोकांचं पॅनेल करतं. पूर्वी अशा पॅनेलवर बसलेले एक निवृत्त मार्शल शेजारच्या राज्यात राहतात. त्यांच्याकडे आमचा नापास अर्ज घेऊन गेले. त्यांनी शिसपेन्सिल घेतली आणि ‘शेअर’ हा शब्द दिसेल तिथे गोल काढत गेले. दुसरं पान संपेपर्यंत पान कमी आणि गोल जास्त.

“‘शेअर करणार’ म्हणजे नेमकं काय करणार? ईमेल पाठवणार? मग पाठवा की. त्याला सरकारचे पैसे कशाला?” ते म्हणाले. “आणि न्यूयॉर्कचे आकडे न्यूयॉर्कला माहीत आहेत. तुमचे कुठेत?”

आमचे आकडे. ते मी पाहिलेच नव्हते. आगींची राष्ट्रीय नोंद तेव्हा एनफर्स नावाच्या प्रणालीत व्हायची. आमच्या राज्याच्या गेल्या पाच वर्षांच्या नोंदी उतरवून घेतल्या आणि एक्सेलमध्ये ‘आगीचं कारण’ या रकान्यापाशी येऊन थांबले. १ म्हणजे मुद्दाम लावलेली, २ अनवधानाने, ३ उपकरणातला बिघाड, ४ निसर्ग, ५ म्हणजे तपास सुरू, आणि यू म्हणजे तपास करूनही कारण कळलं नाही. यू भरपूर होते, ते अपेक्षितच. पण चार-चार वर्षांपूर्वीच्या आगींपुढे ५? तपास अजून सुरूच?

त्यातल्या एका नोंदीवरून एका जिल्ह्याच्या मार्शलना फोन लावला.

“ती? ती केव्हाच मिटली. कपड्यांचा ड्रायर. जाळीत लिंट, म्हणजे कपड्यांचे सुटलेले धागे, साचलं होतं. फोटोंसकट फाइल आहे माझ्या कपाटात.”

“मग नोंदीत पाच का?”

“कुठल्या नोंदीत?”

झालं असं की आगीच्या दिवशी अहवाल अग्निशमन दलाने भरला आणि त्यात ५ टाकला, त्या दिवशी तो बरोबरच होता. मार्शलचा तपास पुढे महिनाभर चालला. कारण सापडलं, फाइल कपाटात गेली. परत जाऊन तो ५ बदलायचं काम कोणाच्याच वाट्याचं नव्हतं. अशा कित्येक ओळी निघाल्या. माहिती गोळा झालेली होती, फक्त कपाटातून बाहेर आली नव्हती. आणि आम्ही मागत होतो वेबसाइट.

दुसरा अर्ज त्या रकान्यावरच उभा केला. अर्धवेळ एक माणूस, तो मिटलेल्या केसेस गोळा करेल आणि ५ बदलून घेईल. प्रत्येक शिकण्यासारख्या केसचं एका पानात टिपण, महिन्याला एक फोन-बैठक. वीज साठवणाऱ्या युनिट्सची जिल्हावार यादी. पत्ते आणि नावं काढून टाकायची, आणि तपास चालू असलेल्या केसला हात लावायचा नाही. ही अट मार्शलांनीच घातली. जाळपोळीची केस कोर्टात जायच्या आधी तिची चर्चा बाहेर फिरली तर ती तिथेच मरते, हे मला तोवर सुचलंही नव्हतं.

मूल्यमापनाच्या भागाची मला सर्वांत धास्ती होती, आणि तोच सगळ्यांत सोपा निघाला. वर्षाहून जुने ५ किती आहेत, ते आधी मोजायचे आणि शेवटी पुन्हा मोजायचे. टिपण पाठवल्यावर ६० दिवसांनी प्रत्येक मार्शलला एकच प्रश्न: हे वाचून तुम्ही काय वेगळं केलंत? ‘काहीच नाही’ हेही उत्तर चालेल.

बजेटमध्ये मात्र मी, हिशेबाची पदवीधर, चुकले. संस्थेने स्वतःचा ५ टक्के वाटा घालायचा असतो, तो मी एकूण खर्चावर काढला. तो फेडरल रकमेवर काढायचा असतो. म्हणजे एकूण २,१०,००० डॉलरचं काम असेल तर १.०५ ने भागायचं: २,००,००० त्यांचे, १०,००० आमचे. माझ्या पद्धतीने १०,५०० येत होते. पाचशेचाच फरक, पण हिशेबनीसाने अशी चूक करून पाठवली असती तर मी स्वतःला माफ केलं नसतं. एवढी रोकड आमच्याकडे नव्हतीच. या ग्रँटमध्ये वाटा श्रमाच्या रूपातही चालतो, मात्र तारीख, तास, दर आणि सही असलेला कागद लागतो. बैठकीला बसणाऱ्या मार्शलांचे तास आम्ही त्यात धरले.

अर्ज भरला फेमा-गो या पोर्टलवर. अधिकृत सही आमच्या अध्यक्षांची, आणि ते पासवर्ड विसरलेले. शेवटच्या दिवसासाठी काही ठेवायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून निभावलं.

या वेळी ग्रँट मिळाली. पुढचं नेहमीचंच: सहा-सहा महिन्यांनी कामाचा अहवाल, खर्चाचा अहवाल, पावत्या. एनफर्सच्या जागी नवी नेरिस प्रणाली येणार हे समजल्यावर आमच्या टिपणांचा साचा कुठल्याच प्रणालीला बांधलेला नाही याचं बरं वाटलं, तेवढंच.

दुसऱ्या महिन्यात त्या ड्रायरवाल्या मार्शलांचा मेसेज आला. “पाच काढायला बसलोय. पण दोन लिहू की तीन? लिंट साफ न करणं हे माणसाचं की मशीनचं?”

मी तो प्रश्न तसाच महिन्याच्या फोन-बैठकीत टाकला. कोणी म्हणे मशीन बिघडलंच नव्हतं, म्हणून दोन. कोणी म्हणे मागची नळी मुळातच चुकीची बसवली होती, आधी ते बघा. नळीच्या फोटोची मागणी झाली, तो कपाटातून निघाला आणि वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. चाळीस मिनिटं. हजेरीपत्रकावर मी प्रत्येकाच्या नावापुढे ती चाळीस मिनिटं लिहिली आणि सह्यांसाठी पाठवून दिलं.