वायफायचा पासवर्ड म्हणून मोबाईल नंबर ठेवणाऱ्यांनो, जरा थांबा

आमच्या डोंबिवलीत कुठल्याही सोसायटीच्या जिन्यात उभं राहून मोबाईलवर वायफायची लिस्ट उघडा, अख्ख्या मजल्याची नेमप्लेटच दिसते. पाटील २०३, जोशी फॅमिली, कुणाचं साईकृपा. आणि पासवर्ड? दहातल्या सात घरांत घरातल्या कर्त्या माणसाचा मोबाईल नंबर, हा माझा अंदाज आहे, सर्व्हे बिर्व्हे काही नाही, पण नातेवाईकांचे राउटर नीट करून देणं हे माझ्यावर पडलेलं कायमचं काम आहे त्यामुळे अंदाज फार चुकत नसावा. फायबर जोडायला येणारा पोरगाच विचारतो, "काका, पासवर्ड काय ठेवू, नंबर ठेवू का?" आणि काका म्हणतात ठेव.

आता तो नंबर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांकडे असतो हे तर झालंच. पण समजा कुणाला माहीत नाही, तरीही तो टिकत नाही, आणि का टिकत नाही ते समजलं की वायफायची अर्धी सिक्युरिटी समजते असं मला वाटतं.

तुमचा फोन राउटरला जोडला जातो तेव्हा पासवर्ड हवेतून जात नाही. दोघं एकमेकांना चार मेसेज पाठवतात आणि गणित करून खात्री करतात की समोरच्याकडेही तोच पासवर्ड आहे, याला हँडशेक म्हणतात. हे चार मेसेज मात्र रेंजमधल्या कुणालाही पकडता येतात. पकडले की तुमच्या दारात ताटकळायची गरज नाही, घरी जाऊन कॉम्प्युटरवर एकेक पासवर्ड लावून बघायचा, गणित जुळलं की सापडला. डब्ल्यूपीए२ मध्ये, म्हणजे २००४ पासून चालत आलेल्या आणि आजही बहुतेक घरांत असलेल्या वायफाय सुरक्षेच्या पद्धतीत, हे असंच आहे. एका चांगल्या गेमिंग ग्राफिक्स कार्डवर सेकंदाला दहा लाखांच्या आसपास पासवर्ड तपासून होतात. आपले मोबाईल नंबर ६, ७, ८ नाहीतर ९ ने सुरू होतात, पुढे नऊ आकडे, म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी शक्यता. भागाकार करा, ४००० सेकंद. सव्वा तासही नाही! आणि त्यातल्या बऱ्याच सिरीज वापरातच नाहीत त्या वगळल्या तर आणखी कमी.

याउलट चार-पाच एकमेकांशी संबंध नसलेले मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहा, खोबरं तिरकं बुधवार पाटा कंदील असं काहीतरी, पाहुण्यांना सांगायलाही सोपं आणि त्या कार्डाला जन्मभर पुरेल. मर्यादा ८ ते ६३ अक्षरांची आहे, जागा भरपूर आहे. नवीन राउटर असेल तर सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए३ दिसेल, २०१८ ला आलं, त्यात ही घरी नेऊन अंदाज लावायची सोयच काढून टाकली आहे, प्रत्येक अंदाजाला राउटरलाच विचारावं लागतं. जुने फोन जोडले जात नसतील तर दोन्हीचं मिश्र सेटिंग असतं ते ठेवा. डब्ल्यूईपी, म्हणजे त्याही आधीची जुनी पद्धत, दिसलं तर मात्र राउटर बदला, ते २००१ मध्येच फुटलंय.

"पण घुसून करणार काय, थोडा नेट वापरेल, वापरू दे ना", हे मला एका काकांनी ऐकवलंय, आणि त्यांचं अगदीच चूक नाही. बँकेचं ॲप, यूपीआय हे सगळं आतून वेगळं एन्क्रिप्ट होऊन जातं, शेजारचा वायफायवर आला म्हणजे लगेच तुमचा पिन वाचेल असं नाही, ही भीती लोक उगाच पसरवतात. खरी अडचण वेगळीच आहे. घरात दहा उपकरणं असली तरी बाहेरच्या जगाला तुमचं घर एकाच आयपी पत्त्याने दिसतं. कुणी काही केलं तरी पत्ता तुमचा. २६ जुलै २००८ ला अहमदाबादला बॉम्बस्फोट झाले त्याच्या काही मिनिटं आधी जो धमकीचा ईमेल आला होता, त्याचा माग काढत तपास पोचला नवी मुंबईत सानपाड्याला, एका अमेरिकन माणसाच्या फ्लॅटवर. त्याचं वायफाय दुसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं. पुढचे ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या आणि चेंबूरच्या वायफायवरून गेले. त्यानंतर २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलीस रस्त्यावर फिरून उघडी वायफाय शोधणार अशा बातम्या आल्या होत्या, कुणाला आठवत असतील. काकांना हे सांगितल्यावर त्यांनी स्वतःहून चष्मा शोधला.

आता दुसरी गोष्ट, जी जवळजवळ कुणीच करत नाही. राउटरला दोन पासवर्ड असतात. एक वायफायचा, आणि एक त्या डब्याच्या आत शिरायचा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं (नाहीतर डब्याच्या खालच्या स्टिकरवर असतो तो पत्ता) की लॉगिन येतं आणि पुष्कळ ठिकाणी अजून ॲडमिन-ॲडमिन चालतं. इथे शिरलेला माणूस डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय, बदलू शकतो, मग तुम्ही बँकेचं नाव बरोबर टाइप केलं तरी राउटर तुम्हाला भलत्याच साइटवर नेऊन सोडणार. ब्राझीलमध्ये २०११-१२ च्या सुमारास असे ४५ लाख मोडेम बिघडवले होते, लोक खोट्या बँकेच्या पानांवर जात होते आणि घरातल्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शोधत बसले होते, दोष होता कोपऱ्यातल्या डब्यात. २०१६ चं मिराय नावाचं व्हायरससारखं प्रकरण तर याहून सोपं, कंपनीतून आलेले साठेक युजरनेम-पासवर्ड इंटरनेटवर दिसणाऱ्या कॅमेऱ्यांवर, डीव्हीआरवर, राउटरवर लावत सुटायचं, बस. सोसायटीचा सीसीटीव्ही कुणी लावला आणि त्याचा पासवर्ड काय आहे हे पुढच्या मीटिंगला विचारा, मजा येईल.

डब्याच्या आत शिरलाच आहात तर डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडायची सोय, बंद करून टाका. त्याचा आठ आकडी पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता ताळ्याचा (आधीच्या आकड्यांवरून काढलेला) असतो, त्यामुळे दहा कोटी नाही, फक्त ११,००० प्रयत्नांत संपतो, हे २०११ पासून जगजाहीर आहे. रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे बाहेरून इंटरनेटवरून राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायची सोय, चालू असेल तर तेही बंद. फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, त्याचं अपडेट दिसलं तर करा. गेस्ट नेटवर्क असेल तर चालू करून टीव्ही, कॅमेरा, स्मार्ट प्लग, भाचे मंडळी सगळ्यांना तिकडे ढकला. नेटवर्कचं नाव लपवणं आणि मॅक फिल्टर (ठरावीक उपकरणांच्या मॅक नंबरांनाच आत घेणं) यात वेळ घालवू नका, नाव काय आणि ते नंबर काय, दोन्ही हवेत उघडेच फिरतात, त्रास फक्त तुम्हालाच. नावातून आडनाव आणि फ्लॅट नंबर काढला तर बरं.

हे सगळं रविवारी सकाळी करा, कारण पासवर्ड बदलला की घरातलं सगळं एकदम तुटतं आणि सगळे तुमच्या नावाने ओरडतात. फोन क्यूआर कोडने पटकन जोडले जातात. टीव्हीला मात्र रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर टिपत बसावं लागतं, तेवढ्यासाठी पासवर्डमध्ये कॅपिटल आणि चिन्हं न घालता नुसती लांबी वाढवा. प्रिंटर सगळ्यात शेवटी.