पॉइंट बत्तीस म्हणजे नेमकं कुठलं?

निवडणुकीची आचारसंहिता लागली की सांगलीतल्या आमच्या बंदुकांच्या दुकानात गर्दी होते ती खरेदीची नव्हे, हत्यारं जमा करायची. वर्षानुवर्षं कपाटात पडलेला माल तेव्हा उजेडात येतो. तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार आबा आले ते टॉवेलात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर घेऊन, एसटीने. मधून उघडलेलं, मिटत नव्हतं. आत एक जिवंत काडतूस!

कानपूरच्या कारखान्यातलं .३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीचं माप, इथे इंचात), इंग्लंडच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या घराण्यातलं. नळी खाली वाकवली की काडतुसांच्या चक्रीतून चांदणी, म्हणजे काडतुसांच्या कडा धरणारी ताऱ्यासारखी पट्टी, वर येते आणि सहाही काडतुसं एकदम उचलते. इथे एक काडतूस चांदणीखाली घसरून अडकलं होतं. अशा वेळी ठोकाठोक करायची नाही. चांदणी पूर्ण वर धरायची, पुढून गोळीच्या नाकावर लाकडी काडी टेकवायची आणि काडतूस बाहेरच्या अंगाला तिरकं करत काढायचं. निघालं तेव्हा कारण समजलं. ते रिव्हॉल्व्हरचं नव्हतंच, .३२ पिस्तुलाचं होतं.

"पॉइंट बत्तीस म्हंजे पॉइंट बत्तीसच न्हवं का वो?" आबा म्हणाले.

नव्हे. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची पुंगळी २३ मिलिमीटर, पिस्तुलाची १७. जाडी जवळपास तीच, त्यामुळे छोटं काडतूस चक्रीत आरामात बसतं. पण त्याच्या पेंदीची कड पुंगळीबाहेर जेमतेम पाव मिलिमीटर येते, रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची अर्धा. तेवढ्याशा कडेवर चांदणीची पकड राहत नाही. बार उडालाही असता, आणि खरी भीती तीच. पिस्तुलाच्या काडतुसाचा दाब चौरस इंचाला २०,५०० पौंडांपर्यंत जातो, रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची मर्यादा १५,०००. मधून उघडणाऱ्या सांगाड्याच्या खिटीवर हा भार टाकायचा नसतो.

लायसन्सवर 'रिव्हॉल्व्हर' स्वच्छ लिहिलेलं. दुसऱ्या गावच्या काउंटरवरच्या पोराने आकडा वाचला, पुढचा शब्द वाचला नाही. २५ घेतलेली, १९ पेटीत, ५ टॉवेलात, एक अडकलेलं. हिशेब जुळला, म्हणजे एकही उडवलेलं नव्हतं. दोन वर्षं आबा याच भरवशावर बागेतल्या खोलीत झोपत होते.

त्यात मेहुण्यांनी डोक्यात भरवलेलं, "बत्तीस म्हंजे खेळणं, नऊ एमएम घ्या." घ्या कसं? ९ एमएम प्रतिबंधित बोअर, म्हणजे सामान्य माणसाला सहसा न मिळणारा, त्याचा परवाना दिल्लीच्या केंद्रीय गृहखात्यातून. आकड्यांत मेहुणे चुकीचे नाहीत. रिव्हॉल्व्हरची ९८ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) शिशाची गोळी सेकंदाला २१५ मीटरच्या आसपास जाते, तिची ऊर्जा साधारण १५० ज्यूल. पिस्तुलाची ७१ ग्रेनची २७५ मीटरने, १७५ ज्यूल. ९ एमएमची १२४ ग्रेनची साडेतीनशेने, पाचशेच्या घरात. पण ज्यूलने माणूस थांबत नाही. मेंदू किंवा मणका सोडला तर तो थांबतो रक्त जाऊन, आणि हृदय बंद पडलं तरी दहा-पंधरा सेकंद हात चालू शकतो. १९८६ मध्ये अमेरिकेत मायामीला एफबीआय आणि दरोडेखोरांच्या चकमकीत ९ एमएमचीच गोळी एका दरोडेखोराच्या दंडातून छातीत शिरून हृदयाच्या इंचभर अलीकडे थांबली. तिथून पुढे एफबीआयने गोळ्यांच्या चाचणीत, मांसासारख्या जिलेटिनमध्ये, १२ ते १८ इंच खोली मागायला सुरुवात केली. .३२ची न फुलणारी गोळी खोल जाते, भोक मात्र बारीक पाडते. म्हणून नेम हवा, आणि नेम सरावाशिवाय येत नाही. इथे लोक बोअरवर तासभर वाद घालतील, रेंजवर अर्धा तास जाणार नाहीत.

आबांना मी रिव्हॉल्व्हरच ठेवा म्हटलं. काडतूस फुसकं निघालं तर चाप पुन्हा ओढायचा, दुसरं समोर येतं. पिस्तूल चपटं, नेहरू शर्टाखाली लपतं, पण फुसकं काढायला दोन्ही हात लागतात. शिवाय त्याच छोट्या कडेचा तिथेही त्रास. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली तर पुढे सरकत नाही. वजनाचं म्हणाल तर दोन्ही पाऊण किलोच्या आतबाहेर. उसाच्या बांधावरून फिरताना सारखंच टोचतं.

अजून एक. काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात कायमची ठेवली की पितळेवर हिरवा थर चढतो. तेलाने पुसत बसलात तर ते पेंदीतल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीत झिरपतं आणि बार फुसका जातो.

चुकीची २५ वेगळी बांधून जमा नोंदीत घेतली. रिव्हॉल्व्हरचं एक काडतूस काढून त्यांच्या काडतुसाशेजारी काचेवर उभं केलं. आबा खाली वाकून बघत राहिले.

"आमच्या नातीलाबी कळलं असतं वो हे," म्हणाले, आणि पावतीवर सही केली.