नाव कुठल्या पटावर?

कर्नाटकातल्या निपाणी भागातल्या मराठी शाळेत मी पी.टी. शिकवतो. बाहेरच्यांना वाटतं, शिट्टी वाजवायची आणि पोरं पळवायची. निम्मं काम कागदांचं असतं. तालुक्याला मुलींचा फुटबॉल संघ न्यायचा तर प्रत्येकीचा फॉर्म, फोटोवर शिक्का, जन्माचा दाखला, सॅट्स नंबर (सरकारी नोंदीतला विद्यार्थ्याचा क्रमांक), हेडमास्तरांची सही. एक कागद कमी पडला की पोरगी मैदानाबाहेर.

जानेवारीत कोल्हापूरकडच्या मुलींशी मैत्रीचा सामना ठेवला होता. अशा सामन्याला कागद कुणी विचारत नाही, म्हणून तिला उतरवता आलं. बीडकडच्या ऊसतोड टोळीतली, तेरा वर्षांची पोरगी. संध्याकाळी कोप्यांवरून, म्हणजे टोळीच्या झोपड्यांवरून, मैदानात यायची, अनवाणी.

त्या दिवशी तिचा खेळ बघून पाहुण्यांचे कोचही उठून उभे राहिले. उंचावरून आलेला चेंडू तिनं मांडीवर घेतला, जमिनीला लागायच्या आत डाव्या पायानं वळवला. तोवर मान वर, उजवीकडं कोण मोकळी आहे ते हेरून झालेलं. मागून जोराचा धक्का बसला. कंबर हलली, पाय जागचे सुटले नाहीत. इतर पोरींना मी वर्षभर घसा फोडून सांगतो, चेंडूकडं बघत पळू नका. हिला सांगावं लागलं नाही. आणि तो तोल मी शिकवलेला नाही. डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रॉलीत चढणाऱ्या पोरीचा तो तोल आहे. त्याचं कौतुक करताना जीव कासावीस होतो, कारण ते काम तिच्या वाट्याला यायलाच नको होतं.

सामना संपल्यावर ते कोच म्हणाले, "हिला पुढं पाठवा. नाव कुठल्या शाळेत आहे?"

तिथंच सगळं अडलं. नाव बीडच्या शाळेच्या पटावर. आमचे तालुक्याचे सामने पावसाळ्यातच उरकतात. टोळी येते दसरा-दिवाळीनंतर. तिकडं ऑगस्टच्या सुमारास सामने सुरू होतात, आणि जिंकणारे संघ वर जायला लागले की ही ट्रकमध्ये बसून इकडं. दोन्ही राज्यांचं वेळापत्रक उसाच्या हंगामाशी असं जुळलंय की ही पोरगी कुठंच सापडत नाही. एका कार्यालयात मी हे सांगायला गेलो, तर उत्तर मिळालं, "परराज्यातली आहे, तुम्ही कशाला पडता?" आमच्यातल्या निम्म्या घरांच्या लेकी गडहिंग्लज-कागलला दिलेल्या आहेत. सीमेवरच्या माणसाला तरी हा शब्द वापरू नये.

डेन्मार्ककडून खेळलेली फुटबॉलपटू नादिया नदीम आठवते. ती जन्मली अफगाणिस्तानात, हेरातला, १९८८ साली. २००० मध्ये तालिबाननं वडिलांना मारलं. आई पाच लेकींना घेऊन डेन्मार्कला पोचली. तिथं निर्वासितांच्या छावणीत नादिया फुटबॉल खेळायला लागली. पुढं नागरिकत्व मिळालं, तरी फिफाचा नियम आडवा आला: अठरा पूर्ण झाल्यावर पाच वर्षं त्या देशात राहिलेलं पाहिजे. डेन्मार्कच्या फुटबॉल संघटनेनं त्याला आव्हान दिलं, फिफानं अपवाद केला आणि २००९ साली ती देशाकडून उतरली. नंतर पॅरिस सेंट जर्मेनकडून खेळली, डॉक्टरही झाली. गोल ती करत होतीच. तिच्या बाजूनं लेखी भांडणारी संघटना होती. आमच्या पोरीच्या बाजूनं कोण लिहिणार?

मी बीडच्या हेडमास्तरांना फोन लावला. माणूस भला निघाला. म्हणाले, हंगामी वसतिगृहाची सोय आहे, पुढच्या हंगामात ती मागं राहिली तर संघात घेतो.

वडिलांना सांगितलं. ते बराच वेळ कोयत्याला धार लावत बसले, मग म्हणाले, "सर, पोरीला खेळू नको म्हणत नाही मी. पण उचल घेतलीय. आम्ही दोघं फडात गेल्यावर धाकटं पोर कोण सांभाळंल?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. फडाजवळ पाळणाघर असेल तर ही पोरगी मागं राहू शकते, इतकं साधं आहे ते. तसा अर्ज मी लिहिलाय. महिन्याभरात पट्टा पडेल, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेल, टोळी परत जाईल. त्याआधी कोप्यांवर पुन्हा जाणार आहे, या वेळी तिच्या आईशी बोलायला.