पाहुणे आले तरी उठायचं नाही

विम्याच्या तपासणीच्या बाई बरोब्बर दहाला आल्या. मी सकाळपासून घर आवरत होते, पोहे भिजवले होते, नवऱ्याला इस्त्रीचा शर्ट घालून दिला होता. बेल वाजली आणि ज्या माणसाला पक्षाघातानंतर एक मोजा चढवायला दहा मिनिटं लागतात, तो टेबलाला टेकत उठला आणि उभा राहून डाव्या हातानं शेकहँड करता झाला. पाहुणे आल्यावर बसून कसं राहायचं? बाईंनी काहीतरी टिपून घेतलं.

काय टिपलं ते तीन आठवड्यांनी पत्रातून कळलं. २१.२५ गुण.

जर्मनीत आजारपणाच्या विम्याच्या जोडीला १९९५ पासून शुश्रूषेचाही सक्तीचा विमा आहे. दर महिन्याला पगारातून त्याचे पैसे कापले जायचे, तेव्हा मी कुरकुरायचे. आता गरज पडल्यावर कळलं, की त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, तीही उलटी. जितकं कमी जमतं तितके गुण जास्त. अंघोळ, कपडे, जेवण, संडास यांना १०० पैकी ४० गुणांचं वजन. औषधपाण्याला २०. समज किंवा वागणूक, यातलं जे जास्त भरेल त्याला १५. दिनक्रम आणि माणसांत मिसळणं याला १५. चालण्या-फिरण्याला फक्त १०! तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहणाऱ्यांनी हे वजन ठरवलेलं नाही, एवढं नक्की. २७ गुणांना दुसरी श्रेणी मिळते आणि घरच्यांनी केलेल्या सेवेसाठी पैसे तिथून पुढेच सुरू होतात. आम्ही काठावर नापास.

आणि नवरा जन्मभर पहिल्या पाचांत आलेला. बटणं लावता येतात? ‘गेट शोन.’ म्हणजे जमतं की. रात्री एकटं उठता येतं? गेट शोन. जिना? गेट शोन. मी शेजारी बसून सगळं ऐकत होते. रात्री दोनदा मी उठवते, बटणं मी लावते, हे माझ्या ओठांवर होतं. पण परक्या बाईसमोर नवऱ्याला कमीपणा कसा आणायचा? मी पोहे पुढे केले.

नंतर आठवडाभर मी त्या बाईंवर चिडले होते. तासाभरात एखाद्या माणसाचं काय कळणार? पण खरं सांगायचं तर कळू आम्हीच दिलं नव्हतं.

मार्ग दाखवला समोरच्या आजींनी. स्टुटगार्टात जिना झाडण्याची पाळी असते, केरवोखे (नावातच केर आहे, विसरायची सोय नाही). ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी. नवरा हॉस्पिटलात असताना आमच्या दारावरची पाटी आजींनी न सांगता स्वतःच्या दारावर नेली होती. एरवी आमच्या फोडणीच्या वासावरून नाक मुरडणाऱ्या याच आजी. त्या म्हणाल्या, एका महिन्याच्या आत हरकत घे आणि रोजची वही ठेव. मी वही ठेवली. कधी उठवलं, काय भरवलं, काय सांडलं. ती वाचून नवरा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

दुसऱ्या खेपेला ३७.५ आले. महिन्याला ३४७ युरो. पण मला धक्का बसला तो वेगळ्याच कागदाचा. आठवड्याला किमान १० तास, दोन किंवा अधिक दिवसांत विभागून सेवा करत असाल आणि नोकरी ३० तासांच्या वर नसेल, तर तुमच्या पेन्शनीचा हप्ता हा शुश्रूषेचा विमा भरतो. मी नोकरी २५ तासांवर आणली होती. म्हणजे नवऱ्याचे मोजे चढवणं माझ्या म्हातारपणात जमा होत होतं.

मला एकदम काकू आठवली. तिनं आजीचं नऊ वर्षं अंथरुणातलं सगळं केलं. ‘तुमची काकू म्हणजे देवमाणूस,’ एवढंच तिच्या खात्यात जमा झालं. फोनवर हे सांगितलं तर खो खो हसली. ‘अगं, तास मोजायला तरी वेळ कुणाला होता?’

सासूबाई म्हणतात, इकडे या, इथे माणसं आहेत. आहेतच. तिकडे हॉस्पिटलात रात्रीच्या पाळ्या लागल्या असत्या, तीन घरांतून डबे आले असते. इथे मी मशीनची कॉफी पीत एकटी बसले होते, ते मी विसरणार नाही. पण घरी आणल्यावर ही ‘माणसं’ म्हणजे मी आणि जाऊबाई, हेही मला माहीत आहे. आम्ही परतलो नाही त्याचं समर्थन करतेय असं वाटलं, तर वाटू दे.

आता ओळखीपाळखीतून फोन येतात. कुणाच्या आईचं कागदपत्र, कुणाच्या मुलाची तपासणी. दुभाषी म्हणून मी जाते, पैसे घेत नाही. नवरा म्हणतो, तुला आता हाच नाद लागलाय. लागलाय खरा. हिशोबाच्या नोकरीत अकरा वर्षांत कुणी माझी अशी वाट पाहिली नव्हती.

येत्या गुरुवारी एका काकांकडे जायचंय. काल त्यांना फोन केला. म्हटलं, काका, जे जमत नाही ते जमत नाही म्हणायचं, आणि बाई आल्या तरी खुर्चीतून उठायचं नाही.

‘बरं,’ म्हणाले. मग जरा थांबून, ‘पण चहा तरी विचारायचा ना?’