एक्स-रे नॉर्मल, पण चिकूचा पाय टेकेना : माझा अनुभव

आमच्या कुत्रीच्या, चिकूच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आता नऊ आठवडे झालेत. चारही पाय टेकून चालतीये, म्हणून शांतपणे लिहायला बसले होते, पण त्या एक्स-रेचं आठवलं की अजूनही डोकं तापतं. त्यामुळे जसं आठवेल तसं लिहिते.

चिकू आमची लॅब्रॅडॉर, सहा वर्षांची, तेव्हा वजन 37 किलो. आम्ही साताऱ्यात राहतो. अंगणात मांजराच्या मागे पळाली, कुठे पडली नाही की धडकली नाही, नुसती वळताना एकदम केकाटली आणि मागचा उजवा पाय वर धरला तो धरलाच. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं, मुरगळला असेल म्हणाले, पाच दिवस मेलोक्सिकॅम (दुखणं आणि सूज कमी करणारं औषध) आणि आराम. बरं वाटलं की ती पळायची, पळाली की परत लंगडायची, असं तीनदा झालं आणि त्यात सव्वा महिना गेला. आई पहिल्या आठवड्यापासून सांगत होती, "अगं ही अशी पाय बाजूला फेकून कधी बसायची नाही." आम्ही कोणी मनावर घेतलं नाही. पुढे पुण्याच्या सर्जननी पहिला प्रश्न हाच विचारला, बसते कशी? तुमचा कुत्रा लंगडत असेल तर आधी त्याचा बसताना आणि चालताना व्हिडिओ काढून ठेवा, दवाखान्यात भीतीने कुत्री अशी चालतात की काही झालंच नाही असं वाटतं.

तर एक्स-रे. गावातल्या डॉक्टरांनी एका सेंटरला पाठवलं. फोनवर सांगितलं रात्रीपासून उपाशी ठेवा, भूल देऊन काढायचाय. आम्ही सकाळी 10 ला हजर. 12 वाजले, मग लाईट गेली, मग लाईट आली तर आधी आलेले चार जण पुढे, मग जेवणाची सुट्टी. चिकू रात्रीपासून उपाशी, फरशी गुळगुळीत, तिला तीन पायांवर उभंही राहता येईना. मी दर अर्ध्या तासाला विचारत होते आणि दर वेळी एकच, "मॅडम, थांबा जरा." पावणेचारला कळलं की भूल देणारे डॉक्टर आज येणारच नाहीत. हे सकाळी 10 ला सांगता आलं असतं ना! मग चौघांनी मिळून तिला टेबलावर दाबून धरली. ती इतकी ओरडली की भाऊ बाहेर निघून गेला. एक्स-रे काढला, रिपोर्ट आला 'नॉर्मल, फ्रॅक्चर नाही'.

आम्ही खूश होऊन घरी आलो. इथेच आमची चूक झाली. तिच्या गुडघ्यातलं लिगामेंट, म्हणजे हाडांना हाड जोडणारा पट्टा, तुटलं होतं हे पुढे कळलं, आणि लिगामेंट एक्स-रेत दिसतच नाही. फ्रॅक्चर नाही म्हणजे हाड मोडलेलं नाही एवढंच, गुडघा चांगला आहे असा त्याचा अर्थ होत नाही. हे मला तेव्हा कोणीतरी एका वाक्यात सांगायला हवं होतं.

आठवड्याने तिने पाय टेकणंच बंद केलं, तेव्हा ओळखीतून पुण्याच्या सर्जनचा नंबर मिळाला. ते तिथल्या एका दवाखान्यात आठवड्यातून दोनच दिवस बसतात. तिथल्या काउंटरवरून सांगितलं, एक्स-रेची ओरिजिनल डायकॉम फाईल, म्हणजे मशीनमधून निघते ती कॉम्प्युटर फाईल, पाठवा. माझ्याकडे काय होतं, तर ट्यूबलाईटसमोर फिल्म धरून काढलेला व्हॉट्सॲप फोटो! सेंटरला फोन केला तर साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी, कॉम्प्युटरवाला सुट्टीवर आहे. तिसऱ्या दिवशी स्वतः गेले, दोन तास बसले, तर म्हणे जुन्या फाईली डिलीट होतात, परत काढून घ्या. परत 800 रुपये, परत भूल नाही, परत चौघं जण. या वेळी फाईल घेऊनच निघाले. ती पुण्याला पाठवली तर उत्तर आलं, चालणार नाही, पाय तिरका आलाय आणि खालचा सांधा फ्रेममध्येच नाही. मी त्या रात्री खरंच रडले. पैशाचं काही नाही, पण दोनदा त्या जिवाला दाबून धरलं आणि हातात काहीच आलं नाही.

म्हणून नीट सांगते. या ऑपरेशनसाठी लागणारा एक्स-रे बाजूने काढतात, गुडघा साधारण काटकोनात वाकवलेला, आणि गुडघा व घोट्याचा सांधा दोन्ही एकाच फ्रेममध्ये, कारण त्यावर नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा उतार मोजतात. जागा असलेल्या आणि दुखणाऱ्या कुत्र्याचा असा एक्स-रे नीट येणं अवघड आहे. भूल देणारे डॉक्टर आहेत का हे घरून निघायच्या आधी त्याच दिवशी सकाळी विचारा. नसतील तर जाऊच नका.

शेवटी नुसतीच चिकूला घेऊन पुण्याला गेलो. गाडीत मागे गादी टाकली होती. सर्जननी आधी जागेपणी तपासली, मग भूल देऊन. एका हाताने मांडीचं हाड धरलं, दुसऱ्याने नडगी पुढे ओढली, तर टेबलाचा खण सरकावा तशी ती पुढे सरकली. याला ड्रॉवर टेस्टच म्हणतात. जागी असताना एवढं मोठं कुत्रं स्नायू आवळून धरतं, मग ते सरकणं हाताला लागत नाही. पुढचं क्रुसिएट लिगामेंट तुटलं होतं. त्यांनी काढलेल्या एक्स-रेत सांध्यात भरलेलं पाणीही दिसत होतं. सगळं मिळून 40 मिनिटं लागली! आम्ही दीड महिना घालवला होता.

छोट्या कुत्र्यांना बऱ्याचदा सांध्याच्या बाहेरून जाड नायलॉनचा दोरा टाकून भागतं, चिकूच्या वजनाला त्यांनी टीपीएलओ सांगितलं, म्हणजे नडगीचं वरचं टोक गोल कापून फिरवायचं आणि प्लेट-स्क्रूने बसवायचं. तिचा उतार 27 अंश होता, तो 5 च्या आसपास आणला. ऑपरेशन व्यवस्थित झालं. आत गुडघ्याची गादीही फाटलेली निघाली, तो तुकडा काढावा लागला. तुटलेल्या लिगामेंटवर चालत राहिलं की ती फाटते. तो दीड महिना मला अजून टोचतो.

हो, रक्ताची तपासणी आधीच करून घ्या. आमच्या शेजारी बसलेल्या एका कुत्र्याच्या प्लेटलेट गोचीड तापाने कमी निघाल्या आणि त्याचं ऑपरेशन पुढे गेलं. खर्च विचारताना प्लेट, भूल आणि नंतरचे एक्स-रे धरून आकडा विचारा. आपल्याकडे डिग्री बघायची असेल तर एम.व्ही.एस्सी. सर्जरी अँड रेडिओलॉजी बघा, आणि अशी किती ऑपरेशनं केलीत हे सरळ विचारा, आमच्या डॉक्टरांना अजिबात राग आला नाही. आणि प्लीज, माणसांची ब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक कुत्र्याला देऊ नका, आम्हाला दोघांनी सुचवली होती, त्याने पोटात अल्सर होतो, किडनी जाते.

घरी आल्यावर पहिले आठ आठवडे पट्टा लावूनच बाहेर, जिना नाही, सोफा नाही. सुरुवातीला पोटाखालून टॉवेल धरून न्यायचो. आईने घरभर सतरंज्या आणि गोणपाटं अंथरली, टाइल्सवर पाय घसरू नये म्हणून. वजन आता 33 वर आणलंय, कारण एक गुडघा गेला की दुसरा जायचीही बरीच शक्यता असते.

मागच्या आठवड्यात शेवटचा एक्स-रे झाला, हाड जुळलंय. फाईल पेन ड्राइव्हमध्ये घेतली, तिथेच लॅपटॉपवर उघडून बघितली, गुडघा आणि घोटा दोन्ही दिसतायत याची खात्री केली आणि मगच काउंटरवरून हलले.