गाईच्या गळ्यातली घंटा नेमकी कुणासाठी?

इकडे स्वित्झर्लंडमध्ये ग्रुयेरच्या भागात राहायला आल्यापासून घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी आधी गाई दाखवायला नेते. डोंगरउतारावर पन्नासेक गाई चरत असतात, प्रत्येकीच्या गळ्यात घंटा, आणि पाहुणे मोबाइल उंच धरून तो नाद रेकॉर्ड करत उभे. छानच वाटतं. आपल्याला.

गाईला काय वाटतं, हे झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी मोजलं. त्यांचा निबंध 2015 मध्ये आला. साडेपाच किलोची घंटा, अगदी जवळून आवाज 90 ते 113 डेसिबल. एवढ्या आवाजाजवळ माणसाला कानावर संरक्षक लावून काम करावं लागेल. घंटा बांधल्यावर गाईंचं चरणं आणि रवंथ करणं दोन्ही कमी झालं. गंमत म्हणजे आतला लोलक काढून मुकी केलेली घंटा बांधली तरी तेच. म्हणजे त्रास नुसता आवाजाचा नव्हे, वजनाचाही.

हे इथे चारचौघांत बोलायची मात्र सोय नाही. आरगाऊ कँटनमधल्या (कँटन म्हणजे इथला प्रांत) एका गावाने घंटांविरुद्ध बोलणाऱ्या परदेशी बाईला नागरिकत्व देताना नाक मुरडलं होतं. शेवटी 2017 मध्ये तिला ते मिळालं. बर्न कँटनमधल्या आरवांगेन गावात रात्रीच्या घंटानादाबद्दल काही रहिवाशांनी तक्रार केली, तर घंटा राहाव्यात म्हणून हजारावर सह्या जमल्या! पोळ्याला बैलाच्या गळ्यात घुंगुरमाळ घालू नका असं गावात सांगून बघा, म्हणजे कल्पना येईल.

पण आवाज म्हटला की गाईला त्रासच, असंही नाही. आमच्या शेजारच्या शेतकरी आजोबांच्या गोठ्यात जाळी-धुळीने काळा झालेला एक रेडिओ आहे. धारेच्या वेळी तो सुरू असतो. गाणी, बातम्या, हवामान, जे लागेल ते. मी विचारलं, गाईंना कुठलं गाणं आवडतं? आजोबा हसले. "गाणं माझ्यासाठी. त्यांच्यासाठी फक्त आवाज सारखा राहायला हवा. नाहीतर बादली पडली की सगळ्या दचकतात."

दचकलेली गाय पान्हा चोरते, हे आपल्याकडच्या कुठल्याही गवळ्याला ठाऊक आहे. घाबरल्यावर अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि कासेतलं दूध खाली उतरवणाऱ्या ऑक्सिटोसिनचं काम अडतं. इंग्लंडमध्ये लेस्टर विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी 2001 मध्ये हजार गाईंवर प्रयोग केला होता. संथ संगीत लावल्यावर दूध सुमारे 3 टक्के वाढलं, गाईमागे दिवसाला 0.73 लिटर. धडधडत्या गाण्यांनी काहीच फरक पडला नाही. बातमी झाली ती अर्थातच 'गाईंना बेथोव्हेन आवडतो' अशी. मला तरी आजोबांचं म्हणणं जास्त पटतं: गाईला संगीताची जाण असो-नसो, शांतपणा कळतो.

आणि माणसाचा ओळखीचा गळा तिला नक्की कळतो. या भागात धारेच्या वेळी गाईंना 'ल्योबा, ल्योऽऽबा' अशी साद घालायची जुनी रीत आहे. त्यावरून रचलेलं गीत इथल्या लोकांना राष्ट्रगीताइतकंच प्रिय. वेव्हे गावातल्या द्राक्षमळेकऱ्यांच्या उत्सवात, जो पिढीतून एकदाच भरतो, ते ऐकताना लोक रडतात. परमुलखात लढणारे स्विस भाडोत्री सैनिक हे ऐकून घराच्या ओढीने पळून जात, म्हणून त्यांच्या पलटणीत ते गायला मनाई होती, असं विचारवंत रूसोने 1768 च्या आपल्या संगीतकोशात लिहून ठेवलंय.

आजोबांना मी ईटीएचच्या प्रयोगाबद्दल सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, रोज चरताना आमच्या गाईंना लहान घंटाच असते, धुक्यात सापडाव्यात म्हणून. तरण्या कालवडींना तर यंदा जीपीएसचा पट्टा घेतोय. मग त्या मोठ्या, नक्षीदार पट्ट्याच्या घंटा? त्या सप्टेंबरअखेर, उन्हाळाभर डोंगरावर चरून गाई खाली उतरतात त्या दिवशी.

"त्या दिवशी गाईंपेक्षा तुम्हीच जास्त येता ना!"