आमची वाटचाल: खुर्चीच्या दुरुस्तीतून पाण्याच्या तपासणीकडे

सुरुवातीला आम्ही फक्त डेंटल चेअर दुरुस्त करायचो. कंप्रेसर, हँडपीस, फूट कंट्रोल. पाण्याशी संबंध एवढाच, की नळी गळली की बदलायची. जुनी नळी चिरून पाहिली की आत बोटाला बुळबुळीत थर लागायचा. डॉक्टरांना दाखवला, की उत्तर ठरलेलं: "अहो, मी तर आरओचं पाणी भरतो!"

पाणी आरओचं असलं, तरी नळी तीच असते. आतून जेमतेम दोन मिलिमीटर. इतक्या बारीक नळीत पाणी थोडं आणि त्याला टेकणारी भिंत मात्र भरपूर. प्रवाह मधून वाहतो, कडेचं पाणी जवळपास जागेवरच. रात्री आणि सुट्टीत तर सगळंच थांबलेलं. पाण्यातले मोजके जिवाणू भिंतीला चिकटतात, स्वतःभोवती चिकट आवरण करतात आणि वाढत राहतात. या थराला बायोफिल्म म्हणतात. त्यातून सुटलेले जिवाणू स्केलरच्या (दातांवरचा थर काढायच्या यंत्राच्या) फवाऱ्यातून रुग्णाच्या तोंडात जातात आणि डॉक्टरांच्या श्वासातही. ही माहिती 1963 पासून छापील आहे. तरी नवी खुर्ची घेताना नळ्यांबद्दल कोणी विचारत नाही, दिव्याबद्दल विचारतात.

मग आम्ही नळ्या साफ करायचं काम घेतलं. औषध भरायचं, ठरलेला वेळ ठेवायचं, धुऊन काढायचं. पैसे बरे मिळायचे. पण साफ झालं हे कशावरून? ग्राहकानेच विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. तेव्हापासून धंद्याचा रोख बदलला: आता आधी पाण्याचा नमुना, मग औषध, मग पुन्हा नमुना. नमुन्याच्या बाटलीत क्लोरीन निष्प्रभ करणारं सोडियम थायोसल्फेट असतं, नाहीतर उरलेलं क्लोरीन वाटेतच जिवाणू मारतं आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने 2003 मध्ये दिलेली मर्यादा आम्ही धरतो: साध्या उपचारांच्या पाण्यात मिलिलिटरमागे 500 सीएफयूपेक्षा (म्हणजे वसाहत करू शकणाऱ्या जिवंत जिवाणूंपेक्षा) जास्त नको.

नापास रिपोर्ट पाहून काही ग्राहक रागावून गेले. जाऊ देत. आकडा गोड करून सांगणं आम्हाला परवडणारं नाही. 2016 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका क्लिनिकमध्ये दुधाच्या दातांची पल्पोटॉमी (दाताच्या आतला खराब गर काढायचा उपचार) झालेल्या मुलांना मायकोबॅक्टेरियम अॅबसेसस या जिवाणूचा संसर्ग झाला, आणि त्याचा माग खुर्च्यांच्या पाण्यापर्यंत लागला.

दोन रुग्णांच्या मध्ये वीस ते तीस सेकंद पाणी सोडा, असं आम्ही प्रत्येक क्लिनिकमध्ये सांगतो. त्याने आधीच्या रुग्णाच्या तोंडातून आत ओढलं गेलेलं बाहेर पडतं. बायोफिल्म मात्र जागची हलत नाही. शस्त्रक्रियेसाठी तर आम्ही साफ केलेली लाइनसुद्धा वापरू नये, निर्जंतुक सलाइन वेगळ्या साधनातून द्यावं. हे आम्ही कोटेशनमध्येच लिहून देतो, त्यावर घासाघीस झाली तरी.